सापकांद्याचा वसंत

वसंत ऋतूतील फुले कोणती, असे वर्गात विचारले तर मुले पळस, पांगारा, काटेसावर ही नावे चटकन सांगतात. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील मुलांनी ती बहुधा पाहिलेलीही असतात. पण ही सारी नावे वृक्षांची आहेत, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. चैत्र-वैशाखात जंगलाच्या जमिनीवर, आपल्या पायाशी काय फुललेले असते असा पुढचा प्रश्न केला, तर वर्ग गप्प होतो. मुलांचे काही चुकत नाही. त्या दिवसांत आपल्या डोंगरांत जमिनीवर वाळलेला पाचोळा, करपलेले गवत आणि तापलेला कातळ यांखेरीज फारसे काही नसतेच.

इंग्रजी पुस्तकांतील चित्र अगदी उलटे असते. तेथे वसंत आला की झाडे अजून निष्पर्ण असतात आणि जंगलाची जमीन मात्र लहान लहान फुलझाडांनी भरून जाते. युरोपात आणि उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात हे खरोखरच घडते. आपल्याकडील कित्येक वाचनपाठांत हे वर्णन भाषांतरित होऊन येते आणि मग सह्याद्रीतही चैत्रात रानफुलांचे गालिचे असावेत असा समज होतो. ते गालिचे येथे भाद्रपदात दिसतात. तर मग आपल्या जंगलाच्या जमिनीला वसंत नाहीच काय? आमच्या मते आहे. फक्त तो पंचांगातील वसंताशी जुळत नाही. हे समजून घेण्यासाठी अकोले तालुक्यातील एका वनस्पतीइतके चांगले उदाहरण सापडणे कठीण. ती म्हणजे सापकांदा.

रोहिणी नक्षत्रात वळवाच्या दोन-तीन जोरदार सरी पडून जमीन आतपर्यंत भिजली, की हरिश्चंद्रगड, रतनगड, कळसूबाई या परिसरात पायवाटांच्या कडेला, करवीच्या जाळीत, दगडांच्या फटींत जमिनीतून हिरवट कोंब वर येऊ लागतात. मृगाच्या सुमारास त्यांतून एक लांब देठ आणि त्याच्या टोकावर नागाच्या फणीसारखा पांढरा, पुढे झुकलेला पडदा दिसू लागतो. आतल्या बाजूला, तळाशी जांभळी झाक असते. पान त्यानंतर येते. ते एकच असते, पण त्याची पाती छत्रीच्या काड्यांप्रमाणे चहूकडे पसरलेली असतात. धुक्यात अशी पाच-पन्नास रोपे एकत्र उभी असली तर नाव असे का पडले ते सांगावे लागत नाही. शास्त्रीय नाव अरिसीमा मरीआय. जॉन ग्रॅहम यांनी मुंबई व आसपासच्या वनस्पतींची जी यादी १८३९ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत या वनस्पतीची नोंद केली. पुढे तिला अरिसीमा या प्रजातीत (शालेय वर्गीकरणात 'कुल'नंतर येणारी पायरी) स्थान मिळाले. शास्त्रीय नाव मुद्दाम देत आहोत, कारण 'सापकांदा' हे नाव वेगवेगळ्या भागांत इतरही कंदांना दिले जाते.

आपण ज्याला फूल म्हणतो ते येथे फूल नसून फुलोरा आहे. पांढरी फणी म्हणजे एक रूपांतरित पान, त्याला महाछद म्हणतात. त्याच्या आत मधोमध एक दांडा असतो, तो स्थूलकणीश. खरी फुले अतिशय बारीक असून ती या दांड्याच्या तळाशी, फणीच्या नळीत लपलेली असतात. अळू, सुरण, शेवळा यांचे फुलोरे असेच असतात, कारण ही सारी मंडळी एकाच कुलातील, अ‍ॅरेसी कुलातील आहेत. ज्यांच्या शाळेच्या आवारात अळू आहे त्यांनी त्याचा फुलोरा अवश्य दाखवावा. तो क्वचितच येतो, पण आला तर कोणतीही आकृती काढण्याची गरज उरत नाही.

आता अमेरिकेकडे वळू. याच अरिसीमा प्रजातीतील दुसरी एक जाती, अरिसीमा ट्रायफायलम, कॅनडाच्या दक्षिण भागापासून फ्लोरिडा-टेक्साससपर्यंतच्या जंगलांत आढळते. तिचे रूढ नाव 'जॅक-इन-द-पल्पिट'. चर्चमध्ये धर्मोपदेशक ज्या छत असलेल्या व्यासपीठावरून बोलतो त्याला पल्पिट म्हणतात; फणीच्या आत उभा असलेला दांडा म्हणजे तो उपदेशक जॅक. आपल्या लोकांना त्याच रचनेत नाग दिसला, तिकडच्यांना पाद्री दिसला! ही तेथील वसंतातील सर्वपरिचित रानफुलांपैकी एक. म्हणजे सापकांदा आणि जॅक ही चुलत भावंडे आहेत, दोघेही गड्ड्यावर जगतात, दोघांचीही ठेवण सारखी. तरीही एक एप्रिल-मे महिन्यांत फुलतो, दुसरा जूनमध्ये. असे का?

गड्डा म्हणजे शिलकीची थैली. गेल्या हंगामात पानाने तयार केलेले अन्न त्यात साठवलेले असते, आणि त्याच्या जोरावर रोप बी पेरलेल्या कोणत्याही शेजाऱ्यापेक्षा आधी उभे राहू शकते. प्रश्न एवढाच, की उभे केव्हा राहायचे? अमेरिकेच्या पूर्वेकडील जंगलात हिवाळ्यात जमीन गोठलेली असते. बर्फ वितळले की पाणी भरपूर असते, ऊब येऊ लागते, आणि झाडांना अजून पालवी फुटायची असल्याने ऊन थेट जमिनीपर्यंत पोहोचते. पुढे काही आठवड्यांत वरचे छप्पर बंद होते आणि खाली प्रकाशाचा अगदी थोडा अंश उरतो. तेथील छोट्या वनस्पतींची सारी घाई या उजेडासाठी असते. काही तर छप्पर बंद होताच पाने टाकून पुन्हा जमिनीत जातात. जॅक तितका घाईचा नाही. त्याची पाने उन्हाळाभर सावलीत टिकतात. पण सुरुवात तोही उजेडातच करतो.

सह्याद्रीत कुलूप निराळे आहे. येथे मार्च-एप्रिलमध्ये उजेड हवा तेवढा असतो, ऊब नको इतकी असते. नसते ते पाणी. पळस-पांगाऱ्याची मुळे खोल जातात, खोडांतही पाण्याचा साठा असतो, आणि पाने गाळून टाकल्यामुळे बाष्पाचा खर्च कमी झालेला असतो. म्हणून वृक्षांना चैत्रात फुलणे परवडते. जमिनीच्या वरच्या वीतभर थरात राहणाऱ्या कंदाला ते परवडणार नाही. त्याचे एवढेसे पान दोन दिवसांत करपेल. म्हणून तो वाट पाहतो आणि पहिल्या सरींबरोबर बाहेर पडतो. उशीर करून मात्र चालत नाही. जुलै उजाडेपर्यंत गवत, तेरडा, रानहळद, करवीचे नवे धुमारे यांची अशी गर्दी होते की वीतभर उंचीचा फुलोरा त्यात सापडणार नाही, ना आपल्याला ना कीटकांना. आधी फुलोरा आणि मग पान, हा क्रमही त्या घाईला साजेसा आहे. दुष्काळ संपणे आणि गर्दी सुरू होणे यांच्या मधली ही जी दोन-तीन आठवड्यांची फट, तोच आपल्या जंगलाच्या जमिनीचा वसंत. शेवळा याच फटीत येतो. ठाणे-रायगडकडे त्याची भाजी काकडाची आंबट फळे घालून करतात, ती वर्षातून या काही दिवसांतच मिळते.

काकडाचा उल्लेख आला म्हणून थोडे विषयांतर करतो. अळूच्या फतफत्यात चिंच, शेवळ्यात काकड, सुरणात कोकम किंवा चिंच, हा आपल्या स्वयंपाकघराचा नियम या कुलाच्या रसायनाशी निगडित आहे. या वनस्पतींच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक जुडग्यांनी असतात. ते तोंडाच्या व घशाच्या नाजूक त्वचेत टोचतात आणि खाज, जळजळ, सूज येते. शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर अळूच्या देठाचा पातळ काप किंवा चेचलेला थेंबभर रस काचपट्टीवर घेऊन या सुया दाखवता येतात. हात मात्र धुवावेत, डोळ्यांना लावू नयेत. सापकांद्याच्या गड्ड्याच्या बाबतीत मुलांना स्पष्ट सांगावे, की तो चाखून पाहण्याची वस्तू नाही.

अरिसीमा प्रजातीची खरी ख्याती आहे ती लिंगबदलासाठी. मुलांना हे ऐकून नवल वाटते, आणि वाटायलाच हवे. या प्रजातीतील बहुतेक जातींत रोप लहान असताना फक्त पुंफुले धरते. गड्डा चांगला पोसला की एखाद्या वर्षी तेच रोप स्त्रीफुले धरू लागते. सह्याद्रीत सापकांद्याची पुष्कळ रोपे तपासली तर त्यांतही नुसत्या पुंफुलांचे आणि स्त्रीफुले असलेले असे निराळे फुलोरे आढळतात. कारण हिशेबाचे आहे. परागकण तयार करायला खर्च थोडा, फळे पोसायला फार. अमेरिकेतील जॅकवर पॉलेट बिर्झीचुडेक यांनी केलेल्या, १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासामुळे हा हिशेब सर्वांपुढे आला. फळांचा भार वाहिलेले रोप खंगले की पुढच्या वर्षी ते पुन्हा नर होऊ शकते, किंवा नुसते पान काढून स्वस्थ बसते. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. हाताने परागण केलेल्या मादी रोपांना नेहमीपेक्षा जास्त बिया धरल्या. म्हणजे जंगलात त्यांना पुरेसे कीटक भेट देत नव्हते.

हे कीटक म्हणजे अळंब्यांवर वाढणाऱ्या, चिलटांएवढ्या बारीक माश्या. अळंबीसारख्या वासाला फसून त्या फणीत उतरतात आणि गुळगुळीत भिंतीवरून घसरून तळाशी पडतात. नर फुलोऱ्यात फणीच्या कडा तळाशी जेथे एकमेकींवर येतात तेथे बारीकशी फट असते. परागाने माखलेली माशी तेथून निसटते. मादी फुलोऱ्यात बहुतेक जातींत ही फट नसते. माशी आत धडपडत राहते, पराग स्त्रीफुलांना लागतात, आणि ती तेथेच मरते. अशा क्रूर व्यवहारावर इतक्या देखण्या फुलाचा वंश चालतो. ओलसर पाचोळा आणि अळंब्या असल्याशिवाय या माश्या नाहीत, आणि माश्या नाहीत तर बिया नाहीत. फूल पावसाबरोबर येते त्यामागे हेही एक कारण असावे. सुकून आडवा पडलेला एखादा फुलोरा मिळाला तर तो उकलून तळाशी मेलेल्या माश्या आहेत का ते मुलांना पाहू द्यावे. उभा फुलोरा तोडण्याची गरज नाही.

आता आढळक्षेत्राकडे येऊ. अरिसीमाच्या जगभर सुमारे दोनशे जाती आहेत. त्यांतील बहुसंख्य चीन, जपान आणि हिमालय या पट्ट्यात. थोड्या दक्षिण भारत व श्रीलंकेत, काही इथिओपिया व पूर्व आफ्रिकेत, आणि दोन-तीन उत्तर अमेरिका व मेक्सिकोत. युरोपात एकही नाही. हे ठिपके जगाच्या नकाशावर मांडले तर कोणालाही कोडे पडेल. पूर्व आशिया आणि अमेरिकेचा पूर्व भाग यांतील वनस्पतींचे विलक्षण साम्य अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांनी १८५९ मध्ये जपानच्या वनस्पतींवरील लेखात मांडले होते. उत्तर गोलार्ध उबदार असताना तेथे सलग जंगले होती आणि आशिया व अलास्का बेरिंगच्या भूपुलाने जोडलेले होते. पुढे थंडी वाढत गेली, मधला भाग पुसला गेला आणि दोन टोके उरली, असे त्याचे स्पष्टीकरण आज दिले जाते. अरिसीमाच्या डीएनएचा तुलनात्मक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील आणि आफ्रिकेतील जातींचे पूर्वज आशियातूनच गेले, या मताला त्याने पुष्टी दिली. एवढ्या प्रवासाला पायांची गरज नसते. पिकलेली फळे पक्षी खातात, बी थोडे दूर पडते, आणि हे लाखो वर्षे चालते.

सह्याद्रीपुरते पाहिले तर कोडे आणखी जवळ येते. हिमालय आणि सह्याद्री यांच्यामध्ये गंगेचे मैदान आणि माळवा पसरलेला आहे. अरिसीमाला तो मानवणारा नाही. मग इकडे ती आली कशी? हिमालयात आढळणारी अरिसीमा टॉर्चुओसम ही जाती सातपुड्याच्या पचमढीतही आहे आणि दक्षिणेच्या डोंगरांतही आहे, हा एक धागा. सुंदरलाल होरा यांनी १९४० च्या दशकात माशांच्या अभ्यासावरून मांडलेली 'सातपुडा उपपत्ती' अनेकांना ठाऊक असेल: पूर्वेकडील जीवजाती विंध्य-सातपुड्याच्या रांगेने पश्चिम घाटापर्यंत आल्या असे तिचे म्हणणे. या उपपत्तीवर आक्षेप पुष्कळ आहेत आणि एकाच वाटेने सारे आले असे मानण्याचे कारण नाही. वनस्पतींच्या बाबतीत हवामान निराळे असतानाचे जंगलांचे विस्तार आणि पक्षी यांचा वाटा मोठा असावा असे आम्हाला वाटते. एकदा येथे पोहोचल्यावर मात्र डोंगरांनी त्यांना वेगळे पाडले आणि नव्या जाती घडल्या. सापकांदा त्यांतलाच, पश्चिम घाटाखेरीज जगात अन्यत्र नाही. अशा जातीला प्रदेशनिष्ठ म्हणतात. हे काम पुरे झाले असेही नव्हे. अरिसीमा सह्याद्रिकम ही जाती कोल्हापूरच्या श्रीरंग यादव व त्यांच्या सहकाऱ्यांनी विज्ञानाला प्रथम कळवली ती १९९३ मध्ये.

जॅक आणि सापकांदा यांच्यातला खरा फरक येथे आहे. कॅनडापासून फ्लोरिडापर्यंत पसरलेल्या जातीचे एखादे जंगल तुटले तर दुःख होते, जाती टिकते. सापकांद्याचे सारे जग म्हणजे डोंगरांची एक अरुंद पट्टी. ती किती अरुंद हे आपल्याच जिल्ह्यात चालून पाहता येते. घाटघरला वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून राजूर, अकोले करीत संगमनेरला यावे, तर शंभर किलोमीटरच्या आत तो पाचशेच्या आसपास येतो. अहिल्यानगर जिल्हा राज्यात क्षेत्रफळाने सर्वांत मोठा. पण सापकांद्याच्या दृष्टीने त्यातला पश्चिमेचा एक कोपराच काय तो राहण्यालायक आहे. पूर्वेकडे कर्जतजवळ रेहेकुरीला काळविटांचा माळ आहे, तेथे पहिला पाऊस पडतो तसा आठवडेच्या आठवडे दडीही मारतो. पानाला गड्डा भरून काढण्यासाठी सलग ओलीचे महिने लागतात, ते तेथे मिळत नाहीत. नकाशावरील आढळक्षेत्राची सीमा म्हणजे कोणी ओढलेली रेघ नव्हे. गड्ड्याचा जमाखर्च जेथे तोट्यात जातो ती ती जागा असते.

या कोपऱ्याला संरक्षण आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ मध्ये घोषित झाले, त्याचे क्षेत्र सुमारे ३६१ चौरस किलोमीटर आहे. तरी काळजीचे कारण उरते, आणि ते वेळेचे आहे. मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत भंडारदऱ्याला काजवे पाहायला हजारो माणसे येतात. पायवाटा सोडून झाडांखाली शिरतात, गाड्या गवतात उभ्या करतात. सापकांद्याच्या कोवळ्या कोंबांचे नेमके तेच दिवस. उन्हाळ्यातल्या वणव्यातून जमिनीखालचा गड्डा बहुधा वाचतो. पण वर आलेला एकुलता एक कोंब चिरडला तर रोपाला त्या वर्षी दुसरे पान नाही. गड्डा रिता होतो, मादी व्हायची वेळ पुढे ढकलली जाते, बिया होत नाहीत. रोप दिसत राहते, म्हणून नुकसान लक्षात येत नाही. काजवे पाहू नयेत असे आमचे म्हणणे नाही. पण वाटेवरून पाहावेत, आणि पर्यटकांची जी गणती होते तीत हाही हिशेब यावा.

दुसरी अडचण माहितीची. जिल्ह्याच्या वनस्पतींवर प्रधान व सिंह यांचा ग्रंथ १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याआधी मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची विसाव्या शतकाच्या आरंभी थिओडोर कुक यांनी सिद्ध केली. ही कामे मोलाची आहेत. पण कोणत्याही सूचीत एखाद्या गावाचे नाव नसले, तर तेथे ती वनस्पती नाही असे ठरत नाही. त्या पंधरवड्यात तेथे कोणी गेले नव्हते, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. वनस्पतिशास्त्राच्या सहली बहुधा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निघतात. तोपर्यंत सापकांद्याची फणी केव्हाच कुजून गेलेली असते. पाऊस पुढेमागे होऊ लागला तर फूल त्याच्याबरोबर सरकते की मागे राहते, हे कळण्यासाठी एकाच जागेवरच्या अनेक वर्षांच्या तारखा लागतात. बाहेरून येणाऱ्या संशोधकाला त्या मिळत नाहीत. पाचनई, रतनवाडी, साम्रदच्या शाळेतल्या शिक्षकाला त्या घरबसल्या मिळतात.

वही साधी असावी. वळवाची पहिली मोठी सर कोणत्या तारखेला आली, पहिली फणी केव्हा दिसली, पहिले पान केव्हा उलगडले, फळे केव्हा लाल झाली, आणि ठरवून घेतलेल्या दहा बाय दहा पावलांच्या चौकोनात किती रोपे होती, एवढे पुरे. चौकोनाच्या कोपऱ्यांवर दगड ठेवावेत, म्हणजे पुढच्या वर्षी तोच चौकोन सापडतो. गड्डा उकरू नये, घरी कुंडीत लावण्यासाठी तर नाहीच. छायाचित्रे काढता आली तर इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलसारख्या सार्वजनिक संकेतस्थळावर तारखेसह देता येतात, तेथे जाणकार नावही तपासून देतात. एक अडचण आहे: शाळा जूनच्या मध्यावर उघडते आणि पहिली फणी बहुतेक त्याआधीच उघडलेली असते. तेव्हा ही वही सुट्टीपूर्वी, गुरे घेऊन डोंगरावर जाणाऱ्या एखाद्या सातवी-आठवीच्या मुलामुलीकडे देऊन ठेवावी. पहिला सापकांदा कोठे निघतो हे त्यांना आधीपासूनच माहीत असते.